भरवशाची गाडी, अवघडलेली पाठ

गाड्यांना नाव देताना आपले लोक कंपनीला विचारत नाहीत. 'टेम्पो' हे मुळात एका जर्मन कारखान्याचं नाव. त्याच्या सहकार्याने फिरोदियांची बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ मध्ये उभी राहिली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली आणि मराठी माणूस मालाच्या प्रत्येक लहान गाडीला टेम्पो म्हणू लागला. कंपनीने २००५ मध्ये फोर्स मोटर्स असं नाव घेतलं, आपण आपला शब्द सोडला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात टाटांची 'एस' आली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजीन, पाऊण टन माल. लोकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि 'छोटा हत्ती' म्हणून टाकलं. मी कविता लिहिणारा माणूस, पण इतकी नेमकी उपमा मला तीस वर्षांत सुचलेली नाही.

'पिकअप' या शब्दाला मात्र कोणी हात लावला नाही. खानदेशात त्याचा 'पिकप' झाला, एवढंच. आज यावल-रावेरच्या केळीच्या बागेपासून साक्री-शिंदखेड्याच्या कांद्याच्या चाळीपर्यंत ही गाडी पोचली आहे. सकाळी तिच्यात माल असतो, दुपारी सिमेंटची पोती असतात आणि लग्नसराईत मंडपाचं सामान. पूर्वी बैलगाडी जे करत होती ते सगळं ही करते, शिवाय रात्रीतून सुरतेला जाऊन परत येते.

आमच्या घरी अशी एक पिकअप २०१३ पासून आहे. गाव यावल तालुक्यात, मी नोकरीमुळे धुळ्यात. गाडी धाकट्या भावाच्या नावावर, चालवतो पुतण्या. घरात मी एकटाच बी. ए. झालेला, म्हणून गाडीच्या हिशेबाची वही माझ्याकडे आली. डिझेल, टायर, हप्ता, मिस्त्री, विमा असं सगळं तिच्यात आहे. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. जाहिरात नको आणि बदनामीही नको. या वहीमुळे एक झालं. ओळखीतलं कोणी नवी पिकअप घ्यायला निघालं की मला विचारायला येतं. प्रश्न ठरलेला असतो, "भाई, गाडी दगा तर देत नाही ना?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी शंभरदा ऐकला असेल. "भाई, बसायला कशी आहे?" असं मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. जो माणूस तिच्यात रोज बारा तास बसणार आहे, त्यानेही नाही.

आधी भरवशाचं सांगतो, कारण लोकांना तेच हवं असतं.

पिकअपचं हाड म्हणजे तिची चासी. लांबीच्या दिशेने दोन जाड पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. तिच्यावर पुढे केबिन आणि मागे हौदा वेगवेगळे बसवतात. मोटारकारचं तसं नसतं. कारचा सांगाडा आणि पत्रा मिळून एकच पेटी असते, ती वजनाला हलकी आणि चालायला मऊ. शिडीची चासी जड, पण मार खाणारी. ही घडण जीपकडून आली. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाने पोलादाचा व्यापार करणारी एक कंपनी होती. फाळणीनंतर तिचे भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला आणि महिंद्र अँड महिंद्र झाली. तोवर तिने विलीज जीपची जुळणी सुरू केलेली होती. नाशिकच्या कारखान्यातून २००० मध्ये बाहेर पडलेली बोलेरो ही त्या जीपच्याच घराण्यातली, आणि बोलेरो पिकअप तिची कष्टकरी बहीण. खानदेशात नुसतं 'पिकप' म्हटलं तर दहातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे तीच येते.

अशी चासी सहसा मोडत नाही. मोडतं ते तिच्या आजूबाजूचं. आमच्या वहीत पहिल्या आठ वर्षांत दोनदा क्लचप्लेट, तीनदा मागचे पाटे, एकदा रेडिएटर आणि एअर फिल्टर तर किती वेळा ते मोजत बसलो नाही. इंजीन एकदाही उघडलं नाही. इतर मालकांशी बोललो तर थोड्याफार फरकाने हीच यादी ऐकू येते, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. हे योगायोगाने होत नाही. या यादीत खानदेशच दिसतो.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती खोल आहे. पावसाळ्यात शेतातून भरलेली गाडी काढायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, इंजीन रेटत राहायचं. क्लचप्लेट म्हणजे दोन फिरत्या तव्यांमध्ये चिमटीत धरलेली चकती. पूर्ण दाबली तर सुटते, पूर्ण सोडली तर घट्ट धरते. अर्धवट ठेवली की घासते, तापते आणि जळते. तो जळका वास केळीच्या बागेत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात पिकअपला ओढ मागच्या चाकांची. माल नसला की मागे वजन नसतं आणि चाकं चिखलात जागच्या जागी फिरतात. म्हणून काही जण पावसाळ्यात रिकाम्या हौद्यातही वाळूची दोन पोती टाकून ठेवतात. उन्हाळ्यात ह्याच मातीची पिठासारखी धूळ होते आणि फिल्टर बुजवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा रेडिएटरमध्ये कूलंटच्या ऐवजी विहिरीचं पाणी ओतणाऱ्याची खैर नाही. आपलं पाणी क्षाराचं. ते उकळून आत खडा धरतो आणि नळ्या चिंचोळ्या होतात.

पण सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पासिंगपेक्षा जास्त माल.

हे केळीवाल्यांच्या बाजूने समजून घेतलं पाहिजे. घड झाडावरून उतरला की तो कोणाची वाट पाहत नाही. सावदा आणि रावेरच्या स्टेशनांवरून केळी दिल्लीकडे जाते, ती रेल्वे गाठायची असते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरदेशीही ती जाऊ लागली, तसा वेळेचा काच आणखी वाढला. भाडं मिळतं ते फेरीवर किंवा क्विंटलवर. दीड टनाच्या गाडीत दोन-सव्वादोन टन टाकले तर एक फेरी वाचते. हप्ता भरायचा असलेल्या माणसाला हा हिशेब सोपा वाटतो.

वही वेगळं सांगते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला होता. त्यातून निघालेला नियम रस्ते बांधणारे इंजिनिअर आजही शिकतात. चाकावरचं वजन जितक्या पटीने वाढतं, रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे वजन वीस टक्क्यांनी वाढवलं तर रस्ता दुप्पट झिजतो. गाडीच्या पाट्यांचा नियम तंतोतंत हाच नाही, पण वळण तेच. लोखंड वाकून वाकून थकतं आणि थोडं जास्त वाकवलं की फार लवकर थकतं. आमचे तीन वेळा तुटलेले पाटे केळीच्या दिवसांतच तुटलेले आहेत. केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा सुधारला त्यात जादा मालासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड ठेवला. दंडाची पावती एकदा येते. पाट्याचं बिल पुन्हा पुन्हा येतं, आणि तेव्हा गाडी दोन दिवस उभी असते ते वेगळंच.

पाटे तुटायला लागले की मालक काय करतो? जादा पाटा टाकतो. हा उपाय आपल्याकडे इतका सर्रास आहे की नवी गाडी शोरूममधून थेट पाटेवाल्याकडे जाते. याबद्दल जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. बऱ्याच मालगाड्यांत मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व जोडलेला असतो. हौदा धुऱ्यापासून किती खाली बसला आहे, यावरून माल किती आहे ते तो ओळखतो. हौदा खाली बसलेला असेल तर मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. वर असेल तर गाडी रिकामी समजून जोर कमी करतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन ती घसरेल. आता जादा पाटे टाकून तुम्ही हौदा वर उचलला. त्यात अडीच टन माल आहे, पण व्हॉल्वला गाडी हलकी वाटते आहे. अशी गाडी चाळीसगावचा कन्नड घाट किंवा सुरतेच्या वाटेवरचा कोंडाईबारीचा घाट उतरते, तेव्हा तिचे मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात. पुढच्या ब्रेकवर सगळा भार येतो आणि ते तापतात. "ब्रेक फेल झाला" एवढंच दुसऱ्या दिवशी छापून येतं. पाटे टाकायचेच असतील तर त्या व्हॉल्वची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या, असं सांगणारा मिस्त्री मला धुळ्यात एकच भेटला.

मिस्त्रीवरून आठवलं. भरवशाचा अर्थच गेल्या काही वर्षांत बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्सच्या गाड्या आल्या. डिझेल आता फार मोठ्या दाबाने, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून इंजिनात फवारलं जातं आणि ते किती, कधी, हे एक छोटा संगणक ठरवतो. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडीला अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग पळावं लागतं. जी पिकअप दिवसभर बागेतून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून बागेत एवढंच करते, तिची गाळणी तुंबते आणि समोर दिवा लागतो. आमच्या गावच्या उस्तादने बत्तीस वर्षं कानाने गाड्या दुरुस्त केल्या. इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायची आणि कोणत्या सिलिंडरमध्ये खोट आहे ते सांगायचं. असा माणूस त्या दिव्यापुढे हात जोडतो. त्याच्याकडे स्कॅनर नाही.

नव्या गाड्या कमी बिघडतात, हे मी मान्य करीन. धूर कमी, डिझेल कमी, सर्व्हिसिंग लांब लांब पल्ल्याने. पण बिघडल्या तर गावात बऱ्या होत नाहीत, शहरापर्यंत ओढून न्याव्या लागतात. जुनी गाडी महिन्याला एकदा रुसायची आणि तासाभरात समजूत निघायची. नवी दोन वर्षांतून एकदा रुसते आणि चार दिवस बोलत नाही. यातलं काय बरं, हे तुमचा माल नासणारा आहे की टिकणारा, यावर ठरतं. कापसाच्या गाडीला चार दिवस चालतात. केळीला, भाजीला चालत नाहीत. नवी गाडी घेताना सगळ्यात जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हे आधी विचारा, असं मी येणाऱ्याला सांगतो. मायलेजचा प्रश्न त्यानंतरचा.

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

धुळ्याच्या बाजार समितीबाहेर साक्रीकडचा एक चालक मला म्हणाला होता, "रिकामी गाडी आंग मोडस, भरेल गाडी झोप आनस." रिकामी गाडी अंग मोडते, भरलेली झोप आणते. अहिराणीतल्या या एका वाक्यात पिकअपचं सगळं शास्त्र आलं. ते मराठीत उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

मागच्या धुऱ्यावर पोलादाचे एकावर एक रचलेले वाकलेले पाटे असतात. गाडी खड्ड्यात गेली की ते सरळ होतात, मग पुन्हा वाकतात, हाच तिचा झोका. कोणत्याही स्प्रिंगचा झोका किती वेगाने हलेल ते दोन गोष्टींवर ठरतं. स्प्रिंग किती कडक आहे आणि तिच्यावर वजन किती आहे. वजन चौपट झालं की झोक्याचा वेग निम्मा होतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या पाट्यांवर जेमतेम हौद्याचं वजन असतं. दीड टन माल पडला की ते तिप्पट-चौपट होतं. पाटे कडक करावे लागतात ते भरलेल्या गाडीसाठी. मग तेच पाटे रिकाम्या गाडीला दगडासारखे वाटणार. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या मापाच्या खाटेवर उड्या मारू द्या, नवार दबणारच नाही. काही गाड्यांत खाली एक-दोन 'हेल्पर' पाटे असतात. वजन वाढल्यावरच ते कामाला लागतात. त्याने फरक पडतो, पण थोडाच.

मोटारकारचा झोका सेकंदाला एक-दीड वेळा होतो. आईने पाळणा हलवावा तशी ती गती, म्हणून कारमध्ये डोळा लागतो. भरलेली पिकअप त्याच्या जवळपास येते. रिकामी पिकअप मात्र त्याच्या दुपटीने, कधी त्याहूनही जलद थरथरते, आणि वर टायरचे, इंजिनाचे आणखी जलद हादरे असतात. आता यात आपलं शरीर कुठे बसतं? माणसाच्या धडाला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या कंपनांचा. त्या गतीला पाठीचा कणा आणि पोटातले अवयव हादऱ्याबरोबर स्वतःही डोलू लागतात आणि हादरा आत वाढतो. खराब रस्त्यावरची रिकामी मालगाडी नेमकी या पट्ट्यात येते. परतीच्या फेरीत चालकाची कंबर धरते ती यामुळे. वय झालं, थंडी लागली, वजन उचललं, अशी कारणं तो स्वतःच सांगत असतो.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. केळीला मार लागला तर तो लगेच दिसत नाही. पिकल्यावर सालीवर काळा डाग येतो आणि भाव पडतो. म्हणून हौद्यात केळीची पानं अंथरतात, चांगल्या मालाला फोमच्या गाद्या घालतात, घडांच्या मध्ये थर देतात. चालक स्वतः उभा राहून हे करून घेतो. "हळू ठेव रे, डाग पडेल," असं ओरडतो. मग केबिनमध्ये चढतो आणि रेक्झीन फाटलेल्या, फोम चेपून फळीला टेकलेल्या बैठकीवर बसतो. मी हे सावद्याला डोळ्यांनी पाहिलं आहे आणि पुतण्याला बोलूनही दाखवलं. तो हसून म्हणाला, "चाचा, केळीचा डाग व्यापारी बघतो. माझा कोण बघणार?"

बघणारं कोणी नाही असं जगात सगळीकडे नाही. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या कंपनांसाठी नियम केले. आठ तासांच्या कामात किती हादरा चालेल त्याचा आकडा ठरवला, त्याच्या वर गेला तर मालकाने उपाय करायचा. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असं माप घातलं होतं. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी. एक गाडी, एक मालक आणि तोच चालक, अशा माणसाला तो कधी शिवलाच नाही. खानदेशातल्या बहुतेक पिकअप अशाच आहेत.

उन्हाचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकांच्या केबिनला एसी हवाच. बातमी वाचून मी पुतण्याला फोन केला होता. मग नीट वाचलं. हा नियम 'एन-टू' आणि 'एन-थ्री' गटांना आहे, म्हणजे मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर जाणाऱ्या गाड्यांना. पिकअप आणि छोटा हत्ती साडेतीन टनांच्या आत राहतात, त्यांचा गट 'एन-वन'. छोट्या हत्तीत तर इंजीन बैठकीच्या खालीच धगधगत असतं. मोठ्या ट्रकचा चालक थंड केबिनमध्ये बसावा हे उत्तमच झालं. पण भुसावळच्या उन्हाला गाडीचं वजन कळत नाही. २०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. पुतण्या रोजा ठेवून चोपड्याच्या फेऱ्या करत होता. दुपारी दोनला काच उघडी ठेवली तर झळ आत येते आणि बंद ठेवली तर भट्टी होते, म्हणून त्याने खिडकीत ओला टॉवेल अडकवला होता. तो पंधरा मिनिटांत कोरडा व्हायचा. आता काही कंपन्या पिकअपमध्येही एसी देतात, पण घ्यायचा की नाही हे मालकावर सोडलेलं आहे. मालक म्हणतो, एवढ्या पैशात दोन टायर येतात.

अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी आहे. शेतकरी तिच्यातून चर्चला जातो, मुलांना शाळेत सोडतो, म्हणून तिथल्या कंपन्यांनी बसणाऱ्याचा विचार केला. २००९ च्या राम १५०० या पिकअपला मागे पाट्यांच्या जागी कारसारख्या गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, तेव्हा तिथल्या जुन्या मालकांनी नाकं मुरडली होती, आणि बसल्यावर गप्प झाले. मग आपल्याकडे तसं का होत नाही? कारण तिथली पिकअप बहुतेक वेळ रिकामी असते आणि आपली बहुतेक वेळ भरलेली, किंबहुना जास्तच भरलेली. गुंडाळीची स्प्रिंग नुसतं वजन पेलते. धुऱ्याला जागेवर धरून ठेवायला तिला वेगळे दांडे लागतात, त्यांचे बुश लागतात, खर्च वाढतो. पाटे ही दोन्ही कामं एकटेच करतात, आणि तुटले तर चोपड्यालाही मिळतात, शिरपूरलाही. मधला मार्ग 'पॅराबोलिक' पाट्यांचा. मध्ये जाड, टोकांना निमुळते असे दोन-तीनच पाटे, एकमेकांवर कमी घासणारे. त्यांनी गाडी पुष्कळ मऊ चालते. पण त्यांच्यावर जादा पाटा चढवता येत नाही, म्हणून आपल्या मालकांना ते आवडत नाहीत. माझ्या मते हाच त्यांचा गुण आहे.

तोवर आहे त्या गाडीत काही गोष्टी करता येतात. आम्ही त्या केल्या आणि वहीत त्यांचा खर्च फार थोडा आहे. मागच्या टायरची हवा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने मारलेली असते. गाडी लांबवर रिकामी जाणार असेल तर कंपनीच्या तक्त्यात रिकाम्या गाडीसाठी जी हवा सांगितली आहे तेवढीच ठेवावी, आणि माल भरण्याआधी आठवणीने वाढवून घ्यावी. पाट्यांच्या मध्ये चिखल सुकून ते एकमेकांना चिकटतात, पावसाळ्यानंतर ते धुऊन ग्रीस करून घ्यावेत. शॉकअब्सॉर्बर गळायला लागला की गाडी चालते म्हणून तसाच ठेवतात. पाट्याचा झोका थांबवणारा तोच आहे, तो गेला की एका खड्ड्याचे तीन खड्डे होतात. दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं उतरून चालावं. हे शेवटचं पुतण्या ऐकत नाही, पण चहासाठी थांबतो, तेवढ्यावर मी समाधान मानतो.

आणि बैठक. जळगावात गाड्यांच्या गाद्या शिवणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडे बुलेटच्या, रिक्षाच्या, ट्रॅक्टरच्या बैठका येतात. पिकअपच्या फार क्वचित. गेल्या वर्षी मी आमची बैठक काढून त्याच्याकडे नेली. त्याने तिच्यावर तळहात फिरवला, डाव्या बाजूला खोल गेलेल्या खळग्यात मूठ घातली आणि विचारलं, "चालवणारा पाकीट मागच्या खिशात ठेवतो का? उजव्या?" पुतण्या खरंच उजव्या खिशात ठेवतो. वरून कागदपत्रांची जाड घडी. बारा तास एका कुल्ल्याखाली दोन बोटं उंचवटा, म्हणून सगळा भार डावीकडे. कारागिराने जुना फोम काढून फेकला, खाली नारळाच्या काथ्याचा घट्ट थर दिला, वर जाड फोम, आणि कमरेच्या जागी एक उशीसारखी घडी शिवली. रेक्झीनऐवजी कापड लावलं, घाम मुरावा म्हणून. मजुरी धरून जे पैसे झाले ते एका टायरच्या चौथाईइतकेही नव्हते. वहीत ते कोणत्या खात्यावर लिहावेत असा मला प्रश्न पडला. डिझेल, टायर, मिस्त्री, विमा, हप्ता अशीच खाती होती. मग मी पुतण्याच्या नावाचं एक नवं खातं काढलं.